लेक आइसलँडला जाऊन आली

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. रात्रीची जेवणे आटोपली होती, मी ओट्याशी भांडी विसळत होते. माझी लेक जवळ येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मम्मी, मी मार्चमध्ये आइसलँडला जाणार आहे. टूरबरोबर. पैसे माझे मी भरणार."

मला आधी वाटले थायलंड म्हणाली. मग तिने मोबाईलवर नकाशा दाखविला. युरोपच्याही वर, समुद्रात एकटे पडलेले एक बेट. खर्च साडेतीन लाख रुपये.

वाचक भगिनींनो, खरे सांगते, माझा आवाज चढला. घराचे हप्ते चालू आहेत, यजमानांची रिक्षा दर दोन महिन्यांनी गॅरेज दाखविते, हिच्या लग्नाचे बोलणे कुठे ना कुठे सुरू असते. आणि ही साडेतीन लाख रुपये कशासाठी घालविणार? आकाशातला उजेड बघायला! मी रागाने तोंडाला येईल ते बोलले. महिला मंडळाच्या सभेत "मुलींना बाहेर पडू द्या, जग बघू द्या" असे मीच सांगत असते. लेकीने ते वाक्य मला परत ऐकविले नाही. ऐकविले असते तर बरे झाले असते. ती नुसती गप्प राहिली. यजमान मात्र म्हणाले, "तीन वर्षे ऐरोलीला धक्के खात जाते, डबा घरचा खाते. तिचा पैसा आहे. जाऊ दे."

माझी आई आमच्याकडेच असते. वय बहात्तर. तिने नातीला विचारले, "तिथं काय हाय गं?"

"आजी, रात्री आभाळात हिरवा उजेड नाचतो. आणि जमिनीतून आग बाहेर येते."

"आग येते तिथं कशाला जायाचं?" आई म्हणाली, आणि कुशीवर वळून झोपली.

शेवटी कागदपत्रे मीच केली. ठाण्याच्या एका पतसंस्थेत वीस वर्षे लेखनिक आहे, फाईल लावणे एवढे एक मला येते. सहा महिन्यांचे बँकेचे उतारे, पगारपत्रके, आयकराची विवरणे, कंपनीचे रजेचे पत्र. व्हिसा झाला त्या दिवशी मी कोणाला न सांगता पेढे आणले.

गटात तीसेक माणसे होती. बहुतेक ठाणे, डोंबिवली, मुलुंडची. बरोबर मराठी बोलणारा टूर मॅनेजर. तिथे आपल्यापेक्षा घड्याळ साडेपाच तास मागे. माझ्या डब्याच्या गडबडीत तिचा फोन यायचा, तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असे. पहिल्या दोन रात्री ढग. मॅनेजर ढगांचा नकाशा बघायचा, बस एकीकडून दुसरीकडे न्यायचा, आणि माणसे दोन स्वेटर, दोन मोजे घालून आभाळाकडे बघत उभी. काही जणांनी तर "पैसे परत मिळतील का?" असेही विचारले म्हणे. आता आभाळाचे पैसे कोण परत देणार?

तिसऱ्या रात्री उजेड दिसला. आधी पांढुरका ढग वाटला, कॅमेऱ्यात मात्र हिरवा आला. मग तो डोळ्यांनाही हिरवा दिसू लागला आणि वारा लागलेल्या पडद्यासारखा हलू लागला. लेकीने तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. आमच्या स्वयंपाकघरात मोबाईलवर नुसता अंधार. आई चष्मा पुसून बघत होती. म्हणाली, "उजेड काय दिसंना बाई. तू मात्र दिसतीस. टोपी नीट घाल."

हा उजेड कशाने होतो, ते लेकीने मला नंतर समजावून सांगितले. सूर्यातून विद्युतभारित कणांचा झोत सतत बाहेर पडत असतो. पृथ्वी हा एक मोठा लोहचुंबकच आहे. तिचे चुंबकीय क्षेत्र ते कण ध्रुवांच्या दिशेने वळविते. तिथे शंभर किलोमीटर आणि त्याहून वर ते हवेतल्या प्राणवायूवर, नत्रवायूवर आदळतात आणि ते वायू उजळतात. प्राणवायूचा खालच्या थरात हिरवा, दोनशे किलोमीटरच्या वर लाल. देवाची लीला नाही आणि अपशकुनही नाही.

हे ऐकले तेव्हा मी म्हटले, म्हणजे आपल्याकडे कधीच दिसायचा नाही. तर तसेही नाही. १० मे २०२४ च्या रात्री सूर्यावरच्या मोठ्या वादळामुळे लडाखमधल्या हानले येथून आकाश लाल झालेले दिसले. तिथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी ते टिपले. उजेडाचा फक्त वरचा भाग तिथल्या क्षितिजाच्या वर आला, म्हणून लालच दिसला. आणि त्याहून नवल म्हणजे ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री हा प्रकाश खुद्द मुंबईच्या आकाशात दिसला होता! तेव्हाच्या इंग्रजी वर्तमानपत्रात ती बातमी आली. मुंबई ते एडन या समुद्राखालच्या तारेचे कामही त्या रात्री बिघडले. म्हणजे कल्याण-ठाण्याच्या लोकांनाही तो दिसला असणार. विजेचे दिवे नव्हते, अंधार होता. ते घाबरले की हात जोडून उभे राहिले, कोण जाणे.

आता एक गोष्ट लिहावी की नाही, असा विचार करीत होते. पण लिहिते. टूरच्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये शेजारच्या बाईंनी लेकीला आडनाव विचारले. मग मूळ गाव विचारले. मग, "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" लेकीने सरळ सांगितले, आम्ही बौद्ध. बाई हसल्या, "अरे वा," म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी जागा बदलली. खिडकी हवी होती म्हणे, पण पहिल्या जागेलाही खिडकी होतीच. इतकी हजार मैल दूर बर्फात गेली माणसे, आणि ही एक वस्तू बरोबर घेऊन गेली. उजेडाचे फोटो लेकीचे चांगले आले होते. त्याच बाईंनी ते मागून घेतले. लेकीने पाठविले. मी असते तर पाठविले नसते.

लेक परत आल्यावर रविवारी शेजारपाजारच्या बायका फोटो बघायला जमल्या. हिरव्या उजेडाचे फोटो झाले, नव्या लाव्ह्याचे झाले. त्या देशात ग्रिंडाविक नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते रिकामे करावे लागले आणि डिसेंबरपासून त्या बाजूला जमीन पुन्हापुन्हा फाटून लाव्हा वाहिला. मग एक समुद्रकिनाऱ्याचा फोटो आला. काळी वाळू, मागे काळ्या दगडाचे उभे खांब, एकाला एक चिकटलेले, जणू कोणी रचून ठेवले. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला अशा उभ्या भेगा पडतात.

आई पुढे सरकली. मोबाईल हातात घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यो तर आपल्या खदानीतला दगड हाय. असा उभा चिरला असला की एका घणात सुटतो."

खोली एकदम गप्प झाली. माझे कान तापले. कारण आई खाणीत होती, हे मी त्या बायकांना कधी सांगितलेले नव्हते. माझ्या लग्नात, लेकीच्या शाळेत, तिच्या स्थळाची बोलणी करताना मी एकच सांगत आले: "आई घरीच असायची." बाबांच्या नोकरीबद्दल अभिमानाने बोलायचे आणि आईबद्दल हे असे.

आई घरी कधीच नव्हती. १९७२ च्या दुष्काळात जालन्याकडून निघाली, त्याआधी दुष्काळी कामावर खडी फोडली. पुढे कल्याण-शीळ रस्त्याकडच्या एका खाणीत सोळा वर्षे. सुरुंग उडाला की बाजूला पळायचे, धूळ बसली की परत यायचे. मजुरी ब्रासवर. मला झाडाखाली झोळीत टांगलेले असायचे. तिच्या डाव्या हाताचे एक नख आजही वाकडेच वाढते.

लेक म्हणाली, "आजी, तू लाव्हा फोडत होतीस."

"काय की. आम्ही काळा फत्तर म्हणत होतो."

लेकीचे म्हणणे खरे आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथे जमीन लांबलांब भेगांनी फाटली आणि लाव्हा थरावर थर पसरत गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो आहे. पश्चिमेला सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. आइसलँडमध्ये १७८३ साली लाकी येथे अशीच पंचवीसेक किलोमीटरची भेग पडली होती. विषारी वायूने गुरे मेली, दुष्काळ पडला आणि त्या देशातला सुमारे पाचवा हिस्सा माणसे गेली. आपल्याकडचे उद्रेक त्याच्या कितीतरी पटींनी मोठे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी त्याच दगडाच्या उभ्या खांबांची आहे, उंची दोनशे फूट. आणि मी रोज ज्या फास्ट लोकलने ठाण्याला जाते, ती २०२२ च्या सुरुवातीपर्यंत पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ साली खुला झालेला हा बोगदा याच दगडात खोदलेला. इतकी वर्षे लाव्ह्याच्या पोटातून ये-जा केली आणि माझे लक्ष चौथी सीट मिळते का याकडे.

मग ऑक्टोबरात मंडळाची एक दिवसाची सहल काढली. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, जुन्नर, लेण्याद्री. माणशी सहाशे रुपये, चहा-नाष्ट्यासह. गाईड माझी लेक. घाटात बस थांबवून तिने कड्यातले थर दाखविले. दोन काळ्या थरांच्या मध्ये लाल पट्टा दिसतो ना, ती माती. एक लाव्हा निवला, त्यावर माती झाली, आणि पुढचा लाव्हा येऊन ती भाजून निघाली. आई म्हणाली, "खदानीत लाल लागलं की मुकादम वैतागायचा. त्याचा पैसा येत न्हाय."

लेण्याद्रीला तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. आई प्रत्येक टप्प्यावर बसत बसत चढली. बहुतेक गर्दी सातव्या लेण्याकडे जाते, कारण त्या जुन्या विहारात आता गणपतीचे मंदिर आहे. आम्ही शेजारच्या सहाव्या लेण्यात गेलो. ते चैत्यगृह आहे, आत स्तूप. सगळ्यांनी वंदन केले. व्हरांड्यात भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे, सुमारे दुसऱ्या शतकातली. लेकीने अर्थ सांगितला: कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिले. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार, असे म्हणतात. कल्याण हे नाव ऐकताच बायकांनी टाळ्याच वाजविल्या!

आईचे तिकडे लक्ष नव्हते. ती भिंतीवरच्या छिन्नीच्या घावांवर तळहात फिरवीत होती. लेकीला जवळ बोलावून म्हणाली, "हे वरनं खाली आलेत. आधी छत. खालनं सुरू केलं असतं तर डोक्यावर आलं असतं. आणि सुरुंग न्हाय, नुसती छिन्नी. पैसे देणाऱ्याचं नाव लिवलंय, फोडणाऱ्याचं कुठाय?"

लेकीने पुन्हा ती ओळ बघितली. "त्यांचं नाही, आजी."

आई हसली आणि पदराने हात पुसला.

मागच्या महिन्यात बँकेतून आईच्या खात्याची माहिती नव्याने भरण्याचा फॉर्म आला. आजवर असले फॉर्म मीच भरीत आले आणि व्यवसायापुढे "गृहिणी" लिहीत आले. या वेळी लेकीने भरला: "निवृत्त खाण कामगार." काउंटरवरच्या मुलाने ते वाचून विचारले, "आजी, पेन्शन किती मिळते?"

आई म्हणाली, "खदानीत कसली पेन्शन, बाबा!"