गुलमर्गच्या विसावलेल्या काठ्या

उन्हाळ्यात काश्मीरला जाणारा प्रवासी गुलमर्गला पोचतो तो फुलांच्या ओढीने. २०२४ च्या मे महिन्यात इंदूरहून निघालेले आम्ही उभयताही त्याला अपवाद नव्हतो. तनमर्गहून सूचिपर्णी वृक्षांतून वळणे घेत चढणारा रस्ता सुमारे साडेआठ हजार फुटांवरील त्या हिरव्या कुरणात आणून सोडतो, आणि समोर अफरवटच्या माथ्यावर उरलेसुरले हिम चमकत असते. तिकडे जाणाऱ्या गोंडोलाची रांग लांबलचक होती. सौभाग्यवती बाकावर विसावल्या व मी बाजारात रेंगाळलो.

हिवाळ्यात स्कीचे साहित्य भाड्याने देणाऱ्या एका दुकानापुढे ताडपत्रीवर शेकडो काठ्या पसरल्या होत्या. एक वृद्ध गृहस्थ त्यांतील एकेक उचलून निरखीत होते. घसरपट्ट्यांवर उभा राहणारा खेळाडू याच काठ्यांच्या आधाराने तोल सावरतो आणि वळणाचा ताल साधतो. पूर्वी त्या लाकडाच्या वा बांबूच्या असत. आता अ‍ॅल्युमिनियमच्या व कार्बन तंतूच्या असतात.

चाचांचा क्रम ठरलेला होता. प्रथम साध्या पाण्याने माती धुवायची. घामाने कडक झालेले मनगटाचे पट्टे सौम्य साबणात काढायचे. काठी बर्फात खोल रुतू नये म्हणून टोकाशी असलेली चकती तडकली आहे का, ते पाहायचे. लांबी कमीजास्त होणाऱ्या काठ्यांचे भाग वेगळे करून सावलीत वाळवायचे. आत ओल राहिली तर ते जाम होतात.

माझ्यातला मुख्याध्यापक गप्प बसेना. मी म्हणालो, "चाचा, सांध्यांना थोडे तेल का लावीत नाही? आमच्या मल्लखांबाला आम्ही एरंडेल चोळतो."

ते हसले. "मास्टरजी, तुमचा खांब निसटता हवा, माझा सांधा घट्ट हवा. तेल लागले, तर उतारावर भार पडताच काठी आत सरकेल आणि पोर तोंडावर पडेल."

मग त्यांनी कार्बनची एक काठी माझ्या हाती दिली. नखाला जाणवेल न जाणवेल एवढा चरा होता. अ‍ॅल्युमिनियम आधी वाकून इशारा तरी देते; ही एकदम मोडते. ती त्यांनी निकालात काढलेल्यांच्या ढिगात टाकली. किमतीचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर उमटला, पण हात थबकला नाही. उरलेल्या काठ्या उन्हापासून दूर, कोरड्या खोलीत, उंदरांच्या आवाक्याबाहेर टांगल्या जाणार होत्या.

"डिसेंबरपर्यंत?" मी विचारले.

"बर्फ येईपर्यंत," ते म्हणाले.

त्या उत्तरात गेल्या हिवाळ्याची व्यथा होती. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे जवळजवळ कोरडी राहिली. फेब्रुवारीच्या आरंभी होणाऱ्या हिवाळी क्रीडास्पर्धाही पुढे ढकलाव्या लागल्या. काठ्या सज्ज होत्या, पण पाहुणे आले नव्हते. तरीही त्यांची निगा यंदा तसूभर कमी नव्हती.

जूनमध्ये शाळेची कोठी उघडली. स्नेहसंमेलनानंतर घाईघाईने, न पुसता मीच आत ठेववलेल्या लेझिमांच्या साखळ्या गंजून गेल्या होत्या. शिपायाला हाक न मारता मी स्वतःच फडके घेऊन बसलो.