दुरून दिसणारे रूप

धर्मगुरूच्या दारी माणसे सल्ला मागायला येतात. प्रत्येक वेळी तो विषय आपल्याला पुरता समजलेला असतो, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही तेव्हा साहाय्यक धर्मगुरू होतो. एका पावसाळी संध्याकाळी धर्मग्रामातील एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मुलगा बी.एस्सी. उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला. त्याला गणितात पुढे शिकायचे होते. घराला मात्र मिळवत्या हाताची गरज होती. ‘अनंत गट’ नावाच्या कसल्याशा विषयाबद्दल तो उत्साहाने सांगू लागला. आम्ही त्याला मध्येच थांबवून विचारले, “बाळा, याचा उपयोग काय?” त्याने मान खाली घातली. पुढे त्याला नोकरी लागली, संसार झाला. आपण योग्य तेच सांगितले, असे आम्ही समजत आलो.

अनेक बदल्यांनंतर आम्ही पुन्हा त्याच गावी आलो. गेल्या पावसाळ्यात तो आमच्याकडे आला. केस पिकू लागलेले, सोबत एकवीस वर्षांची लेक. लेकीला गणितात एम.एस्सी. करायचे होते, आजीचा विरोध होता. “फादर, आई तुमचे ऐकेल,” तो म्हणाला. या वेळी आम्ही सल्ला देण्याची घाई केली नाही. “आधी तुझा विषय तरी समजावून सांग,” असे आम्ही मुलीला म्हणालो.

तिने टेबलावरच्या जुन्या पत्रकाची कोरी बाजू ओढून घेतली आणि रेघा मारल्या. “फादर, हे एक कधीही न संपणारे शहर समजा. सगळे रस्ते एकमेकांना काटकोनात छेदतात. मुभा चारच चालींची: एक चौक पूर्वेला, पश्चिमेला, उत्तरेला किंवा दक्षिणेला.” दोन चाली एकापुढे एक केल्या की नवी चाल तयार होते, प्रत्येक चाल उलट फिरून पुसता येते, आणि जागीच उभे राहणे हीसुद्धा एक चालच. चालींच्या अशा समुदायाला गणितज्ञ ‘गट’ म्हणतात. त्याचा असा नकाशा काढण्याची रीत आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने १८७८ साली दाखवली.

मग तिने विचारले, “घरापासून दहा चालींच्या आत किती चौक येतील?” उत्तर २२१. आता दुसरे शहर घ्या. तिथेही प्रत्येक चौकातून चारच वाटा फुटतात. परंतु एकदा दुभंगलेल्या वाटा पुन्हा कधीच भेटत नाहीत. पहिल्या शहरात आधी पूर्वेला जा किंवा आधी उत्तरेला, पोहोचाल एकाच चौकात. दुसऱ्यात तसे नाही. तिथे दहा चालींच्या आत १,१८,०९७ चौक येतात. नियमात एवढासा बदल आणि केवढे हे अंतर! आम्ही चकित होऊन त्या आकड्याकडे पाहत राहिलो.

“आता खूप उंच जाऊन खाली पाहा,” ती म्हणाली. पहिल्या शहरातील गल्ल्या दिसेनाशा होतात आणि उरते एक सपाट मैदान. दुसरे शहर मात्र कितीही दूर गेलो तरी फांद्या फुटलेल्या वृक्षासारखेच राहते. तिरप्या चालीची जादा मुभा दिली, तर जवळचा नकाशा बदलतो; दुरून दिसणारे रूप तेच राहते. जवळचे बारकावे विसरून, जे उरते त्यावरून अनंत गटाची ओळख पटवायची, हाच या शास्त्राचा गाभा.

रशियात १९४३ साली जन्मलेले मिखाईल ग्रोमोव्ह यांनी या दृष्टीला मोठे बळ दिले. चौकांची संख्या अंतराच्या वर्गाच्या, घनाच्या किंवा अशाच एखाद्या ठरावीक घाताच्या मर्यादेत वाढत असेल, तर त्या गटाची आतली रचना एका विशिष्ट, शिस्तबद्ध प्रकारचीच असते, असे त्यांनी १९८१ साली सिद्ध केले. केवळ वाढीचा वेग पाहून अंतरंग ओळखायचे! त्यांना २००९ साली आबेल पुरस्कार मिळाला.

परंतु आमच्या मनात घर केले ते त्यांच्याही आधीच्या एका प्रश्नाने. जर्मन गणितज्ञ मॅक्स डेन यांनी १९११ साली विचारले: चालींची एक लांबलचक यादी दिली, तर चालणारा शेवटी घरी परतला की नाही, हे खात्रीने सांगता येईल का? सगळ्याच गटांत ते साधत नाही. काही गटांसाठी अशी कोणतीही एक रीत असूच शकत नाही, हे प्योत्र नोव्हिकोव्ह यांनी १९५५ साली सिद्ध केले. मात्र ज्या गटांचा नकाशा दुरून वृक्षासारखा भासतो, तिथे डेन यांचीच रीत चालते: वाट घरी परतणारी असेल, तर तिच्यात कुठेतरी जवळचा रस्ता दडलेला असतोच, तो शोधून वाट आखूड करत जायची.

हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे स्वतःचे घर मात्र सुटले. ज्यू कुळात जन्म झाल्यामुळे नाझी राजवटीत, १९३५ साली, फ्रँकफर्टमधील त्यांचे प्राध्यापकपद गेले. आधी नॉर्वे, मग १९४० साली सायबेरिया आणि जपानमार्गे अमेरिका. तिथे ब्लॅक माउंटन नावाच्या लहानशा महाविद्यालयात शिकवत असताना १९५२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या प्रश्नाचा उपयोग काय, असे त्यांनाही कुणी विचारले असेल काय?

“आणि फादर, हा विषय काही परदेशातच नाही,” मुलगी पुढे म्हणाली. रामकृष्ण मिशनचे संन्यासी स्वामी विद्यानाथानंद, म्हणजेच महान महाराज, याच विषयातील नामवंत संशोधक. त्यांना २०१५ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी ते मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्यांचे शालेय शिक्षण कोलकात्याला, येशूसंघीयांच्या सेंट झेवियर्समध्ये झाले, हे ऐकून आम्हांला मौज वाटली.

बोलता बोलता मुलीकडून एक चूक झाली. दुसऱ्या शहराच्या नकाशात तिने दोन वाटा परत एकत्र आणल्या. “नाही गं, तिथे चालींचा क्रम महत्त्वाचा,” इतका वेळ गप्प बसलेला तिचा बाप हळूच म्हणाला आणि त्याने ती रेघ खोडली.

आम्ही त्याच्याकडे पाहिले. तो ओशाळून म्हणाला, “रात्री जेवण झाले की थोडे वाचतो, फादर. अजून वाचतो.”

सव्वीस वर्षे! आम्ही त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, “घरात पैसे नव्हते, फादर. नोकरी करायलाच हवी होती. तुमचे काही चुकले नाही. फक्त प्रश्न विचारून तुम्ही उत्तर ऐकायला थांबला नाहीत.”

त्या वाक्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. आजींनी चहा पुढे ठेवला आणि सरळच विचारले, “फादर, या गणिताचा उपयोग तरी काय?” आपलाच प्रश्न आपल्यापुढे असा परत आलेला पाहून क्षणभर काय बोलावे ते सुचेना. मग आम्ही नातीला हाक मारली, कागद-पेन्सिल मागवली आणि आजींना म्हणालो, “तिलाच विचारा. पण तिचे सांगून होईपर्यंत मध्ये बोलायचे नाही हं.”

आजींनी चष्मा लावला. मुलीने पहिली रेघ मारली.