हरवलेल्या वस्तूची प्रार्थना

घरांतून एखादी मोलाची वस्तु नाहींशी झाली म्हणजे शोध सुरू होण्यापूर्वींच संशय सुरू होतो. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस हें समजावून सांगावयास नको. किल्ली कोणाच्या हातीं होती, काल दुपारीं माजघरांत कोण आलें होतें, ही उजळणी मनांतल्या मनांत होऊं लागते आणि बहुधा घरांतल्या सर्वांत दुबळ्या माणसापाशीं येऊन थांबते. तें माणूस म्हणजे मोलकरीण, आश्रित विद्यार्थी किंवा नुकतीच माप ओलांडून आलेली धाकटी सून.

अशा वेळीं कार्तवीर्याचा श्लोक जपण्याचा परिपाठ आपल्याकडे जुना आहे. हैहय कुळांतला हा सहस्रबाहु राजा दत्तात्रेयाचा भक्त. त्याची माहिष्मती नगरी नर्मदेच्या कांठीं होती. त्याच्या राज्यांत कोणाचें द्रव्य नष्ट होत नसे असें विष्णुपुराण सांगतें. गंमत अशी कीं, ह्याच राजानें जमदग्नीची धेनु बळानें नेली आणि त्यापायीं परशुरामाच्या हातून त्याचा अंत झाला! दुसऱ्याची गाय ओढून नेणारास आपला दागिना शोधावयास सांगावें, हें चिकित्सक मनास खटकल्यावांचून राहत नाहीं.

परंतु रघुवंशाच्या सहाव्या सर्गांत, इंदुमतीच्या स्वयंवरप्रसंगीं, कालिदासानें ह्या राजाचा महिमा वर्णिला आहे, त्यावरून ह्या जपाचा निराळाच अर्थ आमच्या मनांत आला. प्रजाजनाच्या मनांत दुष्कृत्याचा नुसता विचार येतांच हा राजा धनुष्य घेऊन त्याच्यापुढें उभा राही, असा त्या वर्णनाचा भाव आहे. म्हणजे चोरी झाल्यावर चोर धरणारा हा कोतवाल नव्हे. अपराध मनांत असतांनाच तो अडविणारा आहे. आणि अपराध काय एकट्या चोराच्याच मनांत येतो? ज्याचा दागिना गेला त्याच्याही मनांत, निरपराध्यावर आळ घेण्याचा अपराध त्याच घटकेस डोकें वर काढीत असतो.

आमचें घर सक्करदऱ्यास होतें तेव्हांची, सुमारें पन्नास वर्षांपूर्वींची गोष्ट. घरांत मुंज झाली आणि पाहुण्यांची पांगापांग होत असतां थोरल्या काकूंच्या सोन्याच्या पाटल्या नाहींशा झाल्याचें ध्यानीं आलें. भांडीं घासणारी बाई दोन दिवस माजघरांतून येजा करीत होती. कोणी पोलिसांचें नांव काढलें, तर कोणी तांदूळ भारून चारण्याचें. भारलेले तांदूळ ज्याच्या तोंडांत कोरडे राहतील तो चोर, अशी ती जुनी रीत. (भयानें कोणाचेंही तोंड कोरडें पडतें, हें त्या परीक्षकांस कोणीं सांगावें?) आजीनें दोन्ही सूचना ऐकून घेतल्या, देवापुढें निरांजन लावलें आणि बजावलें, "माझा जप पुरा होईतों ह्या घरांत कोणीं कोणाचें नांव घ्यावयाचें नाहीं." संकल्प केला तो सव्वा लक्षाचा! रोज दहा माळा धरल्या तरी त्यास जवळजवळ चार महिने लागावयाचे.

पहिले आठ दिवस घरांतलें बोलणें तुटक होतें. बाई खालीं मान घालून काम करी. कुजबुज तिच्या कानीं गेली नसेल असें थोडेंच? परंतु आजीची माळ रोज पहांटे फिरत होती, आणि ती फिरत आहे तोंवर कोणाची जीभ उचलत नव्हती. दुसऱ्या महिन्यांत काकूच बाईला ताक नेण्यास हांक मारूं लागल्या. जप पुरा झाला तेव्हां पोलिसांचा विषय कोणाच्या ध्यानींमनींही उरला नव्हता. पाटल्या मात्र सांपडल्या नाहींत.

गेलेलें परत मिळावें म्हणून देवाकडे धांव घेणें कोणत्या एका धर्माचें नव्हे. गोव्यांतले ख्रिस्ती बांधव हरवलेल्या वस्तूसाठीं सांत आंतोनास विनवितात. आमच्या सक्करदऱ्यासच, राजे रघुजीराव भोसल्यांनीं १९०८ सालीं वेड्यांच्या इस्पितळांतून आपल्या राजवाड्यांत आणिलेल्या ताजुद्दीन बाबांपुढें हिंदु-मुसलमान दोघेही आपापलीं गाऱ्हाणीं घेऊन येत. वस्तु मिळाली तर देव पावला आणि न मिळाली तर जप वायां गेला, असा रोकडा हिशेब पुष्कळांचा असतो. आम्हांस तो पटत नाहीं. चोर कोण हें ठरविण्याचें काम आपल्या हातून काढून देवाकडे सोंपविणें, हा भरंवसाही लहान नव्हे. आणि तो पाळणें पाटल्या मिळण्याहून कठीण आहे.

पुढें एकदां आम्हीं आजीस विचारलें, "पाटल्या मिळाल्याच नाहींत, मग देवापाशीं तूं मागितलेंस तरी काय?"

"पाटल्याच मागितल्या होत्या, खोटें कशास बोलूं?" ती म्हणाली, आणि त्याच बाईच्या मुलीच्या लग्नाकरितां आणलेल्या लुगड्याची घडी घालूं लागली.