तिसऱ्या क्यूबचं काय झालं?

इंजिनीअरिंगच्या लॅब जर्नलचं एक बरं असतं. एम, अ‍ॅपरेटस, थिअरी, प्रोसिजर, ऑब्झर्व्हेशन टेबल, रिझल्ट... सगळा साचा ठरलेला. शेवटची ओळसुद्धा! सिनिअरच्या जर्नलमधून ती ज्युनिअरकडे येते, तिथून त्याच्या ज्युनिअरकडे. सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलवर जे चालतं, त्याला लिहिणं नाही, उतरवणं म्हणतात.

जामखेडचा माझा मामेभाऊ पुण्यात सिव्हिलला आहे. दिवाळीत मामाकडे गेले, तर साहेबांनी काँक्रीटच्या क्यूब टेस्टचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. ‘‘ताई, तू पेपरात लिहितेस ना, जरा इंग्लिश बघ.’’

इंग्लिश ठीक होतं. (मास कॉमच्या आमच्या वर्गात याहून वाईट होतं.) मी अडकले ती आकड्यांपाशी. काँक्रीट एम-२०, म्हणजे २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद हवी. १५० मिलिमीटरचे तीन क्यूब मशीनमध्ये दाबले. पहिला ५२० किलोन्यूटनला फुटला, दुसरा ५०५ ला, तिसरा मात्र ३८५ लाच. ताकद अनुक्रमे २३.११, २२.४४ आणि १७.११. सरासरी २०.८९. खाली निष्कर्ष : काँक्रीट समाधानकारक आहे.

‘‘तिसऱ्याला काय झालं रे?’’

‘‘अगं, साच्यात नीट भरला नव्हता. एक कोपरा पोकळ राहिला होता. पण अ‍ॅव्हरेज वीसच्या वर आहे ना!’’

थिअरीला अडीच पानं दिली होती. पोकळ कोपऱ्याला अर्धी ओळही नाही. आपल्या ऑफिसातले रिपोर्ट तरी काय वेगळे असतात म्हणा... सरासरी झकास आणि एक ब्रँच बुडालेली!

मामांच्या घराचा वरचा मजला तेव्हा चालू होता. मी मुद्दाम त्यांना हाक मारली आणि त्यालाच रिपोर्ट मराठीत सांगायला लावला. मामा घमेल्यांच्या हिशेबातला माणूस, न्यूटन-बिटन त्यांच्या गावी नाही. शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘मग माझ्या स्लॅबला हाच माल असता, तर मी काम पुढं न्यायचं का थांबवायचं?’’

अडीच पानांत याचं उत्तर नव्हतं. पठ्ठ्याने पुस्तक काढलं. २००० सालच्या आयएस ४५६ मध्ये नियम सापडला : तिन्हींपैकी कुठलाही क्यूब सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त इकडेतिकडे गेला, तर तो नमुनाच बाद. तिसरा क्यूब १८ टक्क्यांनी खाली होता. म्हणजे या आकड्यांवरून काँक्रीटला चांगलंही म्हणता येत नाही आणि वाईटही नाही.

‘‘हे असं लिहिलं, तर सर मार्क कापतील,’’ तो म्हणाला. भीती खोटी नव्हती. टर्म वर्कचे मार्क जर्नलवरच असतात. तरी रात्री त्याने शेवटचं पान बदललं. तिसरा क्यूब भरताना एक कोपरा पोकळ राहिला. त्याची ताकद सरासरीपेक्षा १८ टक्क्यांनी कमी आली. त्यामुळे नमुना ग्राह्य नाही. नवे क्यूब टाकून चाचणी पुन्हा घ्यावी. झाल्या चार ओळी. इंग्लिशही सोपं झालं. मला दुरुस्त करायला काही उरलं नाही.

सरांनी मार्क कापले नाहीत. जर्नल मात्र होस्टेलवर फिरलं. दुसऱ्या बॅचच्या दोघांनी, ज्यांचे तिन्ही क्यूब धडधाकट होते, त्या चारही ओळी उतरवून घेतल्या, पोकळ कोपऱ्यासकट.