शाब्लीची बाटली आणि साकोलीचा मोह

गेल्या फाल्गुनात आमच्या भंडाऱ्याच्या घरी एक परदेशी पाहुणी आली आणि तिला बसवायचे कोठे, असा मोठाच प्रश्न पडला. पाहुणी म्हणजे फ्रान्सहून आलेली वाइनची एक बाटली. माझा भाचा तिकडे दिजों नावाच्या शहरात संशोधन करतो. चार वर्षांनी तो घरी आला, तेव्हा त्याने आजीसाठी शाल, मामीसाठी अत्तर आणि मामासाठी ही बाटली आणली.

आमचे घर मास्तरांचे. वडिलांनी उभे आयुष्य खेड्यांतल्या शाळांत शिकवण्यात घालवले. मी कॉलेजात मराठी शिकवतो. ‘दारू’ हा शब्द आमच्याकडे वर्तमानपत्र मोठ्याने वाचतानासुद्धा गाळला जाई. तरी बाटली कोणी फेकून दिली नाही. आमच्या सौ.ने ती फडक्याने पुसली. आईने चष्मा लावून तिच्यावरची चिठ्ठी न्याहाळली. अखेर बैठकीतल्या काचेच्या कपाटात, संगमरवरी ताजमहाल आणि माझी वक्तृत्वाची ढाल यांच्या मधोमध, ती विराजमान झाली. शेजारपाजारचे कोणी आले की आई कौतुकाने सांगे, "फ्रान्सची आहे. नातवाने आणली."

मला मात्र त्या कपाटाकडे पाहिले की कोठेतरी बोचल्यासारखे होई. त्याचे कारण पुढे येईलच.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही गच्चीवर बसलो, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, त्या बाटलीवर दारूचं नाव नाहीच. गावाचं नाव आहे."

गावाचे नाव शाब्ली. पॅरिसच्या आग्नेयेला, सरँ नावाच्या एका लहानशा नदीकाठी वसलेले. आपल्या वैनगंगेपुढे ती सरँ म्हणजे ओढाच म्हणायची! पण तिच्या दोन्ही अंगांना ज्या उतरत्या टेकड्या आहेत त्यांवर शार्दोने जातीची द्राक्षे पिकतात आणि त्यांची पांढरी वाइन साऱ्या जगात जाते. तिथली पांढरट चुनखडीची माती हातात घेतली तर तीत बारीक बारीक शिंपले दिसतात. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. वाइनला त्या शिंपल्यांची चव येते असे तिथले लोक छातीठोकपणे सांगतात.

१११४ साली जवळच पोंतिन्यी येथे सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनी मठ स्थापला आणि त्यांनी या टेकड्यांवर द्राक्षमळे जोपासले. साधू आणि दारू ही जोडी ऐकून आईने कपाळाला आठ्या घातल्या, पण त्यांच्या धर्मविधीत वाइनला स्थान आहे हे कळल्यावर ती गप्प झाली. टेकडीच्या एकेका तुकड्याला तिथे स्वतंत्र नाव आहे. सर्वांत मानाचे तुकडे सात, आणि त्यांतल्या एकाचे नाव चक्क ‘बेडूक’! मला हसू आले. आमच्याकडेही धानाच्या प्रत्येक बांधीला नाव असते: बोडीकडची, आंब्याची, भुताची. पण भुताच्या बांधीचा तांदूळ त्या नावाने कोणी बाटलीत भरून विकलेला नाही.

"सुखात नव्हतं हं ते गाव," भाचा सांगत होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आगगाडी आली आणि दक्षिणेकडची स्वस्त वाइन पॅरिसला पोहोचू लागली. शाब्लीच्या बाजूचे गिऱ्हाईक तुटले. त्यापाठोपाठ फिलॉक्सेरा नावाची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड अमेरिकेतून आली आणि वेलींची मुळे खाऊ लागली. १८७५ साली फ्रान्सभर जेवढी वाइन झाली होती, त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा १८८९ साली झाली. अमेरिकन मुळावर फ्रेंच वेलीचे कलम बांधायचे, हा तोडगा अखेर सापडला. पण ज्या जिल्ह्यात शाब्ली आहे तिथे पूर्वी सुमारे ४०,००० हेक्टर द्राक्षे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शाब्लीच्या नावाने उरली जेमतेम पाचशे हेक्टर. त्यातच कडाक्याचे हिव पडे आणि एका रात्रीत कोवळे कोंब करपून जात. अजूनही एप्रिलच्या थंड रात्री तिथले शेतकरी वेलींच्या रांगांतून शेगड्या पेटवून जागतात.

"मग तगलं कसं?" मी विचारले.

"नावामुळे. १९३८ साली सरकारने कायद्यानं हद्द आखून दिली. या हद्दीतल्या, या जातीच्या द्राक्षाची, या पद्धतीनं केलेली, तीच शाब्ली. आज पाच हजार हेक्टरांच्या वर लागवड आहे."

मग तो सहज बोलून गेला, "आपल्याकडे असं काही नाही, नाही का मामा?"

मी म्हणालो, "पहाटे चारला ऊठ. दाखवतो."

साकोली भंडाऱ्याहून चाळीसेक किलोमीटर. लाखनी मागे पडली की रस्त्याच्या कडेने तलाव आणि बोड्या अंधारातही चकाकू लागतात. साकोलीच्या पलीकडे, नागझिऱ्याच्या जंगलाच्या दिशेने वळले, की माझे लहानपण ज्या गावात गेले ते गाव. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नागझिरा तिकडे गेला. पण झाडांनी ही वाटणी अजून मनावर घेतलेली नाही.

गाडीची काच खाली केली आणि भाचा एकदम म्हणाला, "हा वास कसला?" फाल्गुन-चैत्रात या मुलखातून पहाटे गेलेल्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही. गोड, जडसर, किंचित आंबूस. मोहाची पाने गळून गेलेली असतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना झुबके लागलेले असतात. रात्रभर पिकलेली फुले उजाडायच्या सुमाराला गळू लागतात. टप्... टप्... टप्. पाऊस संपल्यावर पागोळ्या गळाव्यात तसा आवाज. फूल म्हणजे पाकळ्यांचे नाजूक फूल नव्हे. मोत्याच्या रंगाची, रसाने फुगलेली एक लहानशी कुपीच. उन्हे तापायच्या आत ते वेचायचे, नाही तर गाई-हरणे खातात. कधी अस्वलही येते, म्हणून बाया जोडीजोडीने जातात.

आम्ही पोहोचलो तेव्हा झाडाखाली कंदील आणि टोपल्या घेऊन बाया बसल्याच होत्या. झाडे जंगलातली असली तरी कोणत्या घराने कोणत्या झाडाखाली वेचायचे हे ठरलेले असते आणि ते आजीकडून सुनेकडे चालत येते. खालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करण्याची इथे जुनी रीत. फूल दिसायला सोपे जाते खरे, पण त्या आगी जंगलात पसरतात. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधू लागले आहेत. भाचा त्या काळ्या राखेकडे पाहत म्हणाला, "गंमतच आहे. तिकडे याच दिवसांत कोंब वाचवायला विस्तव लावतात."

मी त्याला फुलाची कथा सांगितली. फूल वाळवले की मनुकेसारखे होते, आणि त्यात निम्म्याच्या आसपास साखर असते. ते उकडून खातात, भाकरीत घालतात, गुरांना चारतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्य प्रांतातल्या कितीतरी घरांची चूल या फुलावर पेटली. बियांना आमच्याकडे टोरी म्हणतात. तिचे तेल निघते. आणि वाळली फुले पाण्यात भिजवून चार-सहा दिवस आंबवली, तो सडवा मडक्यात तापवून वाफ थंड केली, की निघते ती मोहाची. गोंडांच्या घरी बारसे, लग्न, मरण, देवाची पूजा यांतले काही तिच्यावाचून होत नाही. पोंतिन्यीच्या साधूंना जी मुभा होती, ती या घरांनाही आपल्या देवाने दिलेलीच होती.

"आणि आता तुझ्या फ्रान्सचा धागा ऐक," मी म्हणालो. "ती कीड पडली, फ्रान्समध्ये वाइन आणि ब्रँडी दोन्हींचा तुटवडा झाला, तेव्हा तिथल्या भट्ट्यांसाठी हीच वाळलेली मोहफुलं मुंबई बंदरातून जहाजानं गेली!"

त्याला ते खरे वाटेना. पण पुढचा भाग अधिकच नवलाचा आहे. फ्रान्सला फूल चालत होते त्याच शतकात, १८९२ साली, मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचाच कायदा केला. उद्देश असा, की लोकांनी फुले बाळगू नयेत, घरी गाळू नये, सरकारला कर देणाऱ्या कारखान्याचीच दारू घ्यावी. झाडावरून पडलेले फूल उचलणे म्हणजे गुन्ह्याच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवणे झाले. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलांवर बंधने राहिली. ती महाराष्ट्रात सैल झाली २०२१ साली. गोव्याच्या काजूफेणीला २००९ मध्ये तिच्या प्रदेशाच्या नावाचे कायदेशीर संरक्षण मिळाले. तोवर इकडे मोहाच्या वाट्याला वर्तमानपत्रातली एकच ठराविक ओळ येई: इतका सडवा नष्ट केला, इतकी मडकी फोडली.

त्या ओळीपाशी माझे काम आहे.

मी दहा वर्षांचा असेन. शाळेच्या मागे एका गोंड म्हातारीचे घर होते. सारी पोरे तिला डोकरी म्हणत. फुलांच्या दिवसांत शाळेत जाता-येता ती माझ्या ओंजळीत ताजी फुले टाकी, आणि मी ती घरी कळू न देता खाई. ती दारूही गाळी. अर्ध्या गावाला ते ठाऊक होते. एके दिवशी दोन शिपाई आले. त्यांनी कोणाला विचारावे? मास्तरांच्या मुलाला! "बाळ, तू मास्तरांचा मुलगा. खोटं बोलणार नाहीस." मी छाती पुढे काढून सांगितले: गोठ्यामागे, कडब्याखाली. मडकी फुटल्याचा आवाज शाळेपर्यंत आला. तिला जीपमध्ये बसवून नेले. दोन दिवसांनी ती परत आली. वडिलांनी घरी माझी पाठ थोपटली.

ज्या घरात त्या कामाबद्दल माझी पाठ थोपटली गेली, त्याच घरातल्या काचेच्या कपाटात आज फ्रान्सची बाटली दिमाखात उभी होती. मला बोचत होते ते हे.

डोकरी जाऊन बरीच वर्षे झाली. पण त्या दिवशी झाडाखाली तिची सून भेटली; केस पिकलेले, पदर कमरेला खोचलेला. ओळख सांगितली तशी म्हणाली, "मास्तरायचे पोरगे का जी तुमी? बसा." भाच्याने उत्साहाने तिला शाब्लीची हकीकत सांगितली आणि विचारले, "मावशी, अशीच बाटली करून, वर तुमच्या गावाचं नाव घालून विकली तर?"

ती हसली नाही. टोपलीतली काडी-कचरा निवडत म्हणाली, "नाव घालाल बाप्पा. पन माझा घरवाला यानंच गेला. चाळीसचा बी नव्हता. मी गाळत नाई. फुलं विकतो, लाडू करतो, टोरीचं तेल काढतो. देवाले लागते तेवढी कोनी आनून देते."

भाचा ओशाळला. मीही. तिच्या नवऱ्याला मी लहानपणी पाहिले होते. झाडावर सरसर चढणारा, शिट्टी वाजवणारा. डोकरीची मडकी मी फोडवली म्हणून मला लागून राहिलेले दुःख खरे. पण त्याच मडक्यांनी तिचा मुलगा नेला, हेही तितकेच खरे. एकाने दुसरे खोटे ठरत नाही. घरात राबणाऱ्या बाईला दोन्हींचा हिशेब एकाच टोपलीत घेऊन उठावे लागते. नावाचा मान तिच्या फुलाला मिळाला पाहिजे यात मला शंका नाही. पण तो मान कशाकशाला द्यायचा, हे सांगण्याचा पहिला हक्क तिचा आहे.

निघताना मी मनाचा हिय्या केला. म्हटले, "मावशी, तुमच्या सासूची मडकी धरली गेली, तेव्हा शिपायांना मीच सांगितलं होतं."

ती फुले निवडतच होती. "मालूम होतं जी," ती म्हणाली. "बुढीनंच सांगतलं. मास्तराच्या पोरानं दाखवलं म्हने. नादान हाय, खोटं बोलाले नाई शिकला अजून."

मग तिने उठून कागदाच्या पुड्यात पसाभर फुले बांधून दिली. पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर आईने पुडा उघडला, वास घेतला आणि कोणी दिली ते विचारले. मी सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर तिने फुले ताटात पसरून उन्हात ठेवली, आणि संध्याकाळी वाळू लागलेली फुले एका काचेच्या बरणीत भरून ती कपाटात, त्या बाटलीच्या शेजारी, ठेवली. ताजमहाल तिने मागे सरकवला.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. सारखे एकच आठवत होते. मडकी फुटली त्याच्या पुढच्या फाल्गुनातही मी शाळेला त्याच वाटेने जात होतो, आणि डोकरी रोजच्यासारखी हाक मारून माझ्या ओंजळीत फुले टाकीत होती. तिला काही कळलेले नाही, म्हणून ती देते, अशी माझी इतकी वर्षे समजूत होती.