चार दिवे, दोन लाल

जिल्ह्याच्या गावी विमानतळ झाला की काही दिवसांतच चौकाचौकांत फ्लेक्स लागतात, 'नाईट लँडिंग लवकरच'. फ्लेक्सवर नेतेमंडळी, त्यांच्या मागे काळोख आणि काळोखात दिव्यांच्या दोन सरळ रांगा. कोल्हापूरने आणि शिर्डीने या सोयीची वर्षानुवर्षं वाट पाहिली. मागणी रास्तच आहे. सूर्य मावळला की विमानतळाला कुलूप, हे किती दिवस चालायचं? पण बोलणाऱ्यांचा सूर असा असतो, की गल्लीत खांब उभे करून ट्यूबलाइट लावण्यापैकीच हे एक काम.

मी वीज खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यामुळे दिव्यांचं मला जरा जास्तच कुतूहल. आणि लेक गेली तीन वर्षं एटीआर विमानात उजव्या खुर्चीवर बसते, म्हणजे फर्स्ट ऑफिसर आहे. त्यामुळे कुतूहलाला काळजीची जोड. रात्री उतरली की ती 'पोचले' एवढाच मेसेज टाकते. तो येईपर्यंत मी जागा असतो. तिची आई खुशाल झोपते. "तुम्ही जागे राहिल्याने विमान नीट उतरतं का?" हे तिचं म्हणणं, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

धावपट्टीचे दिवे मला फार आवडले, हे आधीच सांगतो. दिवाळीची जुनी माळ आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. धावपट्टीचे दिवेही माळेसारखे एकापाठोपाठ एक, सीरिजमध्येच जोडलेले असतात. का, तर दोन किलोमीटर लांब केबलवर पहिल्या आणि शेवटच्या दिव्याचा उजेड सारखा पडायला हवा. त्यासाठी 6.6 अँपिअरपर्यंतचा स्थिर प्रवाह सोडतात आणि प्रत्येक दिव्याला स्वतःचा छोटा ट्रान्सफॉर्मर देतात. एक दिवा गेला तरी बाकीची माळ चालू राहते. शिवाय शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या सर्किटवर घेता येतात. एक सर्किट बसलं तर एकाआड एक दिवा जळत राहतो, पट्टीची रेघ दिसत राहते. ज्याने हे पहिल्यांदा योजलं त्याला माझा नमस्कार.

वीज गेली तर जनरेटरवर 15 सेकंदांत दिवे परत यावेत, असा साधारण नियम आहे. आमच्या खात्यात 15 सेकंदांना कुणी खंडित पुरवठा म्हटलंच नसतं! पण उतरायला आलेलं एटीआर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास असतं, म्हणजे तेवढ्या वेळात आठशे मीटरहून जास्त अंतर कापतं. हा हिशोब मी एकदाच कागदावर मांडला. परत मांडला नाही.

दिव्यांचे रंगही ठरलेले. सुरुवातीला हिरवे, कडेला पांढरे, शेवटच्या टप्प्यात पिवळे, टोकाला लाल. आणि पट्टीच्या डाव्या बाजूला सहसा चार दिव्यांची एक ओळ असते, तिला पापी म्हणतात. (नावावरून आमच्या घरी व्हायचे ते सगळे विनोद होऊन गेले आहेत.) दोन पांढरे, दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही पांढरे म्हणजे तुम्ही फार वर, चारही लाल म्हणजे फार खाली. लहान विमानतळांवर मोठ्या शहरांसारखी सगळी यंत्रणा नसते, तिथे या चार दिव्यांवर बरीच भिस्त असते.

त्यांची गरज का पडते, हे लेकीने मला समजावलं. लहान विमानतळ गावाबाहेर. चहूकडे ऊस नाहीतर माळरान. वरून पाहिलं तर खाली काहीच नाही, आणि दूर पट्टीचे दिवे तरंगताहेत. डोळ्यांना अंतर मोजायला मधे काही मिळत नाही आणि आपण आहोत त्याहून उंच आहोत असं वाटू लागतं. मग वैमानिक नकळत विमान खाली आणतो. याला 'ब्लॅक होल' म्हणतात. पट्टी चढाची असली तरी असाच भास होतो. "बाबा, तेव्हा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही," ती म्हणाली. तिला चालायला शिकवताना आम्ही नेमकं उलट सांगितलं होतं.

त्यात जनावरं. डिसेंबर 2015मध्ये जबलपूरला संध्याकाळी उतरणारं विमान रानडुकरांना धडकलं. त्याच्या आदल्या वर्षी सुरतला उड्डाण घेणाऱ्या विमानापुढे म्हैस आली. दोन्ही वेळा माणसं वाचली. म्हणजे नाईट लँडिंगच्या खर्चात कुंपणही धरायला हवं, पण कुंपणाच्या उद्‌घाटनाला कोण येणार?

रात्रीचं उड्डाण आपल्याकडे नवं नाही. जानेवारी 1949मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथून निघालेली डाकोटा विमानं मध्यरात्री नागपूरला जमायची, पोती अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. नागपूरकर याबद्दल अजून अभिमानाने बोलतात.

नागपूर म्हटलं की मला हल्ली दुसरंच आठवतं. 7 ऑगस्ट 2020. दुबईहून आलेलं विमान संध्याकाळी पावसात कोळिकोडच्या टेबलटॉप पट्टीवर उतरलं, थांबलं नाही, टोकावरून खाली कोसळलं आणि तुटलं. 21 माणसं गेली, दोन्ही वैमानिकांसह. कॅप्टन दीपक साठे हवाई दलातले, अनुभवी. त्यांचे आईवडील नागपूरला. त्या आठवड्यात आपल्याकडे त्यांच्या शौर्यावर भरभरून लिहिलं गेलं. वर्षभराने चौकशी अहवाल आला, त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोललं नाही.

अहवाल मी दोनदा वाचला. कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडला होता. पहिला प्रयत्न सोडून ते दुसऱ्या बाजूने आले, तेव्हा वारा पाठीमागून होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनाच पुढचं उड्डाण न्यायचं होतं. विमान टेकलं तेव्हा पट्टी निम्मी मागे पडलेली. आणि उजव्या खुर्चीवरच्या फर्स्ट ऑफिसरने 'गो-अराउंड' म्हटलं होतं. ते ऐकून वर जायला हवं होतं, गेले नाहीत. अहवाल तिथे थांबत नाही. कॅप्टन ऐकत नाही म्हटल्यावर फर्स्ट ऑफिसरने ताबा घेऊन विमान वर न्यायला हवं होतं, तेही झालं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. जे गेले त्यांना खलनायक करावं असं मला अजिबात वाटत नाही. पण नुसतं वीर म्हणून हार घातला, की उजव्या खुर्चीचं हे वाक्य झाकलं जातं. आणि माझी मुलगी त्याच खुर्चीवर बसते.

आपल्याकडे वडीलधाऱ्याच्या हातातली वस्तू काढून घेणं सोपं नाही. मी स्वतः साहेबासमोर किती वेळा गप्प बसलो असेन! म्हणून तिला विचारलं, "तुझ्या वडिलांच्या वयाचा कॅप्टन असेल, तर म्हणशील?"

"म्हणते ना."

मग तिने गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगितली. लहान विमानतळ, रात्र, पाऊस. दोन पांढरे, दोन लाल असे आलेले दिवे बघता बघता तीन पांढरे झाले, मग चारही. वेगही जास्त. कॅप्टन निवृत्तीला आलेला, शांत माणूस. ती म्हणाली, "गो-अराउंड." त्याने एक शब्द न बोलता पॉवर वाढवली आणि विमान वर नेलं. वळसा घालून वीस मिनिटांनी ते उतरले. पार्किंगला आल्यावर तो एवढंच म्हणाला, "बरोबर बोललीस."

"आणि त्याने ऐकलं नसतं तर?"

"दुसऱ्यांदा म्हटलं असतं."

"आणि तरीही नाही ऐकलं तर?"

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, सिम्युलेटरमध्ये घेतलाय ताबा. खरोखर अजून वेळ आली नाही."

त्या रात्री ती विमानातून उतरली तेव्हा शिडीपाशी एक गृहस्थ तिची वाट बघत उभे होते. तालुक्याची शेवटची एसटी चुकली म्हणून फार चिडले होते. वर फिरवत कशाला बसलात, म्हणाले. तिने सॉरी म्हटलं, आणि बाहेर रिक्षा मिळेल का ते गेटवरच्या माणसाला विचारून दिलं.