चार चाकांवरचा भार

सुट्या भागांतून स्वतःच्या हातांनी मोटार जुळवावी, हा छंद आपल्याकडे फारसा रुजला नाही. इंग्लंडात मात्र त्याला जुनी परंपरा आहे. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांनी ‘लोटस सेव्हन’ ही चिमुकली मोटार आणली, ती तयारही मिळे आणि सुट्या भागांतही. तयार मोटारीवर खरेदी-कर पडे, सुट्या भागांवर पडत नसे. म्हणून बेताच्या मिळकतीचे तरुण घरीच ती जुळवीत. १९७३ साली करपद्धती बदलली आणि ती सवलत संपली. छंद मात्र टिकून राहिला.

आमचे धाकटे बंधू वसईहून कॉव्हेंट्रीला जाऊन स्थायिक झाले, त्यास आता तीस वर्षे होत आली. कॉव्हेंट्री हे मोटारींचे जुने शहर. साठी जवळ आली तेव्हा बंधूंनी अशीच एक ‘किट कार’ मागवली; १९६०च्या दशकातील ‘एसी कोब्रा’च्या घाटाची, फायबरच्या अंगाची, दोन आसनांची. चार वर्षे ते काम चालले. मध्येच मोठे आजारपण आले, शस्त्रक्रिया झाली. ७८ किलोंचा माणूस ६२ किलोंवर आला. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडे दोन महिने राहिलो, तेव्हा एक मोठे काम शिल्लक होते: गाडीची जमिनीपासूनची उंची बसवणे.

हे काम केवळ शोभेचे असेल असे आम्हांस वाटे. तसे ते नाही. अशी मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी तेथे तिची सरकारी तपासणी होते. इतर अनेक गोष्टींबरोबर पुढच्या दिव्यांची उंचीही पाहतात. मंद झोताच्या दिव्याची खालची कड जमिनीपासून निदान ५०० मिलिमीटर हवी. गाडी फार खाली बसवली तर ती तेथेच अडते, आणि फार वर ठेवली तर वळणावर झुकते.

शेजारी एक निवृत्त मेकॅनिक राहत. रविवारची मिस्सा आटोपून आम्ही घरी परतलो की ते हजर होत. त्यांनी प्रथम गाडीला हातच लावू दिला नाही. गवंड्यासारखी पाणसळ लावून गॅरेजची जमीन तपासली आणि जेथे उतार होता तेथे चाकाखाली पातळ फरश्या सरकवल्या. चारही टायरांत नेमकी हवा भरली. पेट्रोलची टाकी अर्धी ठेवली. मग म्हणाले, “आता चालवणाऱ्याचे वजन आसनावर ठेवा.”

गाडी रिकामी असताना समतल दिसली तरी तिचा उपयोग नाही. माणूस बसला की त्याची बाजू खाली जाते. म्हणून त्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या आसनावर ठेवतात. पिशव्या वीस-वीस किलोंच्या होत्या. आमच्या भावजयींनी न विचारता चार आणून ठेवल्या. बंधू क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी चौथी पिशवी स्वतः उचलून बाजूला ठेवली. “तीन पुरेत, दादा,” ते आम्हांस म्हणाले, “माझेही वजन आता तेवढेच, आणि हिचेही.” ‘हिचे’ म्हणजे आमच्या पुतणीचे. ती पाना हातात घेऊन उभी होती. “पप्पा, तुम्ही पुन्हा भराल की,” ती म्हणाली. “भरलो तर पुन्हा मोजू,” बंधू म्हणाले. भावजयी चहा करायला आत गेल्या.

पुढचे काम सावकाशीचे. स्प्रिंगखाली आट्यांची एक कडी असते. ती हुकाच्या पान्याने वर चढवली की गाडी उचलली जाते. स्प्रिंग त्यामुळे कडक होते हा समज चुकीचा आहे. फक्त उंची बदलते. स्प्रिंगचे खालचे टोक चाकापासून आत असते, म्हणून कडी १० मिलिमीटर चढवली तर गाडी त्याहून अधिक उचलली जाते. दर वेळी गाडी थोडी पुढेमागे ढकलून, दाबून, मगच माप घ्यायचे. कारण जॅकवरून उतरलेली गाडी लगेच आपल्या जागी बसत नाही. सांध्यांतील रबरी बुशांचे बोल्टही गाडी चाकांवर उभी असतानाच आवळायचे. अधांतरी आवळले तर रबराला पीळ बसतो, आणि माप खोटे येते.

दोन दिवसांत चौकटीची उजवी-डावी उंची मिलिमीटरभर फरकाने जुळली. तरी पुढच्या चाकांवरच्या कमानींतील फट उजवीकडे ६२ मिलिमीटर होती आणि डावीकडे ५४. बंधूंच्या डोळ्यांस ती खुपू लागली. उजवी कडी जरा उतरवावी, असे त्यांच्या मनाने घेतले. शेजाऱ्यांनी हात धरला. चार पायांच्या टेबलाचा एक पाय आखूड केला की भार दुसऱ्या कर्णावर जातो, तसेच येथे. उजवे पुढचे आणि डावे मागचे चाक हलके होईल, आणि पावसात जोराने ब्रेक दाबला की हलके चाक आधी घसरेल, गाडी एका बाजूस ओढेल. दोष चाकांचा नव्हता, फायबरच्या अंगाचा होता. साच्यातून निघालेले अंग दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखे असतेच असे नाही. मग अंग जेथे चौकटीवर टेकते तेथे पातळ चकत्या घालून फरक ३ मिलिमीटरवर आणला, आणि तेवढा राहू दिला.

“लोकांना तो दिसेल,” बंधू म्हणाले.

“दिसू दे,” पुतणी म्हणाली. “ब्रेक मला दाबायचा आहे.”

बंधू त्यावर काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी चारही कोपऱ्यांची मापे त्यांनी वहीत लिहिली, ती तिच्याकडून वाचून घेत. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे मैलांत थोड्या बसतात, मग सारे पुन्हा मोजावे लागते. वही तेव्हापासून पुतणीकडे आहे. पुढचे माप तीच घेणार आहे, आणि आसनावर किती पिशव्या ठेवायच्या हे त्या दिवशी पप्पांना विचारणार आहे.